ताईंच्या नावानं आलेला मेसेज

वायरलेस कीबोर्ड घ्यायचाच असेल, तर एकालाच जोडता येणारा घ्या. आमचा तीन ठिकाणी चालायचा. एक नंबरचं बटण दाबलं की माझा लॅपटॉप, दोनवर टॅब, तीनवर बायकोचा फोन. ती गेल्यावरही तिचा फोन मी चालू ठेवला होता. सातारा परिसरातल्या आमच्या नव्या सोसायटीत टँकरच्या वेळा तीच ग्रुपवर टाकायची. त्या दुष्काळात आठवडाभर टँकर फिरकला नव्हता.

एका सकाळी तिच्या फोनवर तो ग्रुप उघडा ठेवूनच मी लॅपटॉपवर टंचाईचा लेख लिहायला बसलो. पहिलं वाक्य टाइप केलं, ‘टँकर आला, खाली या.’ एंटर दाबलं. लॅपटॉप कोराच. कीबोर्ड तीनवर होता.

मेसेज पुसेपर्यंत खाली बादल्या वाजायला लागल्या. मी धावत उतरलो. तळमजल्यावरचे साळवेकाका दोन घागरी घेऊन रांगेत पहिले.

“काका, चुकून गेला मेसेज. टँकर नाही आलेला.”

“ताईंच्या नावानं आलाय की.”

“तिला जाऊन दोन महिने झाले, काका. तुम्हीच खांदा दिलात.”

“व्हय. पण ताईंचा मेसेज कधी खोटा निघाला नाय,” ते म्हणाले, आणि रांगेतून हलले नाहीत.