वीस गुंठ्यांचा सर्व्हे

(रविवारची सकाळ. चाकणजवळच्या गावात सोपानरावांचं घर. भिंतीवरच्या टीव्हीला सुनेचा, मंजुषाचा लॅपटॉप जोडलेला; पडद्यावर खांबांचा आलेख. शेजारी सोपानरावांच्या पत्नी शालनबाई.)

सोपानराव : थांब, थांब. मागचं परत दाव. ह्यो निळा खांब एवढा बारका का?

मंजुषा : तो आपला आहे, आण्णा. मंगल कार्यालयाचा.

सोपानराव : आन् शेजारचा उंच?

मंजुषा : त्याच्याकडे येते. आधी हा समजून घ्या.

सोपानराव : समजायचं काय त्यात. घरातली सून हिंजवडीत कंपन्यांला आकडे मांडून देती, म्हनून तुला म्हनलं, रस्त्याकडच्या वीस गुंठ्यावर कार्यालय बांधतोय, बँकेला दावाया नीट मांडून दे. तू म्हनली, आधी लोकांना इचारते. बरं म्हनलं, इचार. आन् आता खांब बारका दावती.

शालनबाई : अवो, बोलू द्या की तिला. तीन रविवार आमी दोघी उन्हातान्हात हिंडलोय.

सोपानराव : मग लोक नको म्हनले का?

मंजुषा : नको कुणीच म्हणालं नाही. तीच तर अडचण झाली. ‘इथं मंगल कार्यालय व्हावं का’ विचारलं की सगळे ‘होऊ द्या की’ म्हणायचे. समोर आई उभ्या. गावातल्या जुन्या घरच्या बाईला तोंडावर नाही कोण म्हणणार? पहिल्या रविवारचं सगळं मी बाजूला ठेवलं.

सोपानराव : समदं?

मंजुषा : सगळं. ते आपलं मन राखत होते. पुढच्या रविवारी प्रश्नच बदलला. ‘तुमच्या घरातलं शेवटचं लग्न कुठं झालं?’

शालनबाई : मग बोलाया लागली ही कंपन्यांतली भाडेकरू मानसं. कुनाचं लातूरला, कुनाचं जालन्याला, कुनाचं पार चिपळूनला. ऱ्हात्यात हितं, पर अक्षता गावाकडं. एकजन म्हनली, आजी, आमचा देव तिकडं, आमची भावकी तिकडं, हितं कुनाला बोलावू?

सोपानराव : आन् आपल्या गावची? ती तर हितलीच हाईत.

मंजुषा : त्यांना मोठं लॉन लागतं, आण्णा. वीस गुंठ्यांत हॉल बांधला की गाड्या सगळ्या रस्त्यावर.

सोपानराव : गाड्यांचं बघता येतंय.

शालनबाई : सुजितचं लग्न कुठं केलं आपन?

सोपानराव : सुजितचं येगळं व्हतं.

शालनबाई : काय येगळं? तुमचा सख्खा पुतन्या. राजगुरुनगरच्या पुढं लॉनवर केलं. तवा तुमीच भावाला म्हनला, हितं कुठं गाड्या लावायच्या.

सोपानराव : तू तिच्या बाजूनं हायेस व्हय.

शालनबाई : मी कुनाच्या बाजूनं न्हाई. मी इचारत हिंडले.

सोपानराव : तुझ्या नवऱ्याला, अजिंक्यला दावलंस का हे?

मंजुषा : दाखवलं. तो म्हणाला, आण्णांच्या डोक्यात हे चार वर्षं आहे, जरा बेतानं मांड. आसपासच्या कार्यालयांचे नुसते लग्नसराईतले आकडे घेतले असते तर तुमचा खांब छान उंच दिसला असता. खोटंही ठरलं नसतं.

सोपानराव : मग का न्हाई घेतलं?

मंजुषा : ऑफिसात असं काही चुकलं तर कंपनी सावरून घेते. आपलं इथे चुकलं असतं, तर तुम्ही रोज उठून त्या रिकाम्या हॉलकडे बघत बसला असता. मला ते बघवलं नसतं.

सोपानराव : मला कार्यालयाचं भाडं खायचं नव्हतं गं. शेती गेली, दारात बैल न्हाईत, गडी न्हाईत. वाटलं, चार मानसं येतील, गलका व्हईल. मी दारात उभा राहून या-बसा म्हनंन. एवढंच.

शालनबाई : मग त्यो उंच खांब बघा की.

मंजुषा : शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवला होता. ‘ह्या रस्त्याला काय असायला हवं?’ दवाखाना आला, रिक्षा स्टँड आला. पण निम्म्याहून जास्त बायका एकच म्हणाल्या. पोरं ठेवायला जागा.

सोपानराव : पाळनाघर? रस्त्याकडच्या जागेत मी पाळनाघर काढू? अंगनवाडी हाय की गावात.

मंजुषा : ती दुपारी बंद असते. दुसऱ्या शिफ्टच्या बायकांची बस दोनला येते. पहिल्या शिफ्टचे नवरे साडेतीनला उतरतात. मधला दीड तास पोराजवळ कुणीच नसतं.

सोपानराव : मग आजवर ती पोरं असत्यात कुठं?

शालनबाई : तुमी रोज बघता की त्यांना.

सोपानराव : मी?

शालनबाई : आपल्या जाग्यासमोर यशोदाबाईची चहाची टपरी. दुपारचं तिथंच बसता न्हवं?

सोपानराव : बसतो. तिची नातवंडं असत्यात तिथं, पाच-सहा. बिस्किटाचा पुडा मीच घेऊन देतो.

मंजुषा : यशोदाबाईंना एकच नातू आहे, आण्णा. तो बारावीला आहे.

सोपानराव : मग ही?

मंजुषा : बसनं जाणाऱ्या बायकांची. तिच्या भरवशावर सोडून जातात. तिच्याही जिवाला घोर असतो. चहा गाळू का पोरं बघू, म्हणते.

शालनबाई : त्या बारक्या पोरीच्या कमरेला ती साडीचा काठ बांधती. दुसरं टोक बाकड्याला. कंटेनर जात्यात वो तिथनं.

सोपानराव : बघितलंय मी ते. मला वाटायचं, पोरगी द्वाड असंल.

मंजुषा : तिची आई पूनम, परभणीची. मशीनवर चांगला हात बसलाय तिचा, पण ह्याच कारणानं नोकरी सोडणार होती. दोन कंपन्यांच्या एचआरशी मी बोलले. शिकवून तयार केलेल्या बायका जातात, ही त्यांचीही डोकेदुखी आहे. जागा मिळाली तर चालवायला हातभार लावू, म्हणाले. लेखी अजून काही नाही. तेही मी इथे तसंच लिहिलंय.

सोपानराव : म्हंजे चालंलच, असं न्हाई.

मंजुषा : नाही. चालेल असं दिसतंय, एवढंच मी सांगू शकते. ठरवायचं तुम्ही.

सोपानराव : आन् मी कार्यालयच बांधीन म्हनलं तर?

मंजुषा : तर बँकेसाठी सगळं मीच करून देईन. हा बारका खांब मात्र त्यात असेल.

सोपानराव : लई कडक हाईस बाई.

शालनबाई : घरात एकजन तरी तसं पायजे. मी चहा टाकते.

सोपानराव : टाक. कार्यालयात मानसं आली असती ती सराईपुरती. ही पोरं रोज येतील, न्हाई का?

मंजुषा : रोज. रविवार सोडून.

सोपानराव : भावकी हसंल दोन दिस. हसू दे. मंजुषा, दोन वर्साच्या पोराला हात धुवाया नळ किती उंचीवर लागतो गं?

मंजुषा : ते मी कुणाला विचारलेलं नाही, आण्णा.

सोपानराव : मग उद्या दुपारी टपरीवरल्या एका पोराला भिंतीपाशी उभं करून बघू.