एका खोलीतले दोन वर्ग

(एकच खोली. एका टोकाला तिसरीचा फळा, दुसऱ्या टोकाला चौथीचा. मुलं पाठीला पाठ लावून बसलेली. चौथीवर सर शिकवत आहेत. तिसरीसमोर मोठ्या बाई आणि तपासणीला आलेले साहेब.)

साहेब – कमाल आहे, मोठ्या बाई! तिसरीतली मुलगी, आणि सगळे ग्रह घडाघडा म्हणून दाखवले तिनं!

बाई – हो, पण साहेब, त्याचं असं आहे की...

साहेब – अहो, अपूर्णांक विचारले, तेही आले. ते तर चौथीत असतात. काय नाव म्हणालात हिचं?

बाई – सगळे चिमणीच म्हणतात तिला. साहेब, मी सांगत होते की...

साहेब – चिमणे, शाबास! बाई, खरं सांगतो, येताना मी वैतागलो होतो. म्हटलं, पुन्हा गळकं छप्पर बघायचं, पुन्हा रडगाणं ऐकायचं. आणि इथं बघतो तर एका खोलीत सोनं पिकतंय!

बाई – ती शेजारची खोली बघितलीत ना पण तुम्ही? सकाळी कुलूप काढून दाखवली ती? छताचा केवढा तरी तुकडा पडला. रविवार होता म्हणून वाचलो.

साहेब – बघितली. पण दुरुस्तीचा पैसा यंदा एकाच शाळेला मिळणार आहे, आणि कोणाला द्यायचा ते मला आजच कळवायचंय. तुम्हाला खोली हवीच कशाला? दोन इयत्ता एकत्र बसवल्या की लहान मुलं मोठ्यांचं शिकतात! मी लिहितो, हा उपक्रम सगळ्या शाळांनी राबवावा.

बाई – अहो, उपक्रम कसला डोंबलाचा! अडचण आहे ती.

साहेब – आता विनय पुरे.

बाई – विनय नाही हो. आमच्या सरांचा आवाज ऐकताय ना?

साहेब – मघापासून दुसरं काही ऐकूच येत नाहीये मला.

बाई – मुलांचंही तेच होतं! भला माणूस आहे, जीव ओतून शिकवतो. हळू बोला म्हटलं की बिचारे हळू बोलतात. पण विषय रंगला की पुन्हा खिडक्यांची तावदानं हलायला लागतात.

साहेब – मग तुम्हीही जरा वरचा सूर लावायचा.

बाई – लावला की. घसा बसला. डॉक्टर म्हणाले, बोलणं कमी करा. आमच्या ह्यांनी डॉक्टरांचे किती आभार मानले, विचारू नका.

साहेब – बाहेर अंगणात बसवा वर्ग.

बाई – बसवते ना. ऊन नसलं, वारा नसला आणि शेजारचं कुत्रं झोपलेलं असलं की बसवते. ते जाऊ दे. तुम्ही तिला तिसरीचं काहीतरी विचारा बघू. सध्या घड्याळ चाललंय आमचं.

साहेब – त्यात काय! चिमणे, इकडे ये. हे बघ माझं घड्याळ.

चिमणी – छान आहे, साहेब.

साहेब – ते राहू दे. किती वाजले सांग.

चिमणी – ते नाही येत.

साहेब – घाबरू नकोस. लहान काटा कुठे आहे?

चिमणी – घाबरले नाही मी. पण घड्याळ आमच्या वर्गाचं आहे ना, म्हणून नाही येत. तुम्ही शनीच्या कड्यांचं विचारा.

साहेब – बरं, दुसरं कोणी सांगेल? बघा हं, सोपं आहे. किती वाजले?

बाई – बघा, एकही हात वर नाही! शाबास!... अगं बाई, काय बोलतेय मी! इतकी वर्षं शिकवतेय साहेब, पण मुलांना आलं नाही म्हणून हायसं वाटलं, असं आज पहिल्यांदा झालं. लाज वाटते हो.

साहेब – तुम्ही गप्प बसला असतात ना, तर आदर्श शाळा म्हणून गाजला असतात. माझीही पाठ थोपटली गेली असती.

बाई – मोह झाला नाही असं नाही. तुम्ही कमाल म्हणालात तेव्हा मी लगेच पदर सारखा केला होता. म्हटलं, आता फोटो काढतील.

साहेब – मग?

बाई – मग काय! पुढच्या वर्षी ही मुलं सरांकडे जातील. ग्रह पुन्हा ऐकतील, अपूर्णांक पुन्हा ऐकतील. तिसरीचं मात्र त्यांना परत कोण शिकवणार? मी रोज शिकवते, आणि ते यांच्यापर्यंत पोचतच नाही. घरी गेल्यावर फार वाईट वाटतं मला.

साहेब – हं. थांबा, जरा विचार करू दे. ग्रह चाललेत का पुन्हा तिकडे?

बाई – धूमकेतू. आता तर विचारूच नका.

साहेब – चला, ठरलं. खोली तुमची. मी आजच कळवतो. पण सरांना सांगा, नव्या छतावर जरा दया करा.

बाई – साहेब! अहो, काय बोलू मी...

साहेब – काही बोलू नका, घसा जपा. काय गं चिमणे, आता तुमचा वर्ग शेजारी जाणार.

चिमणी – दार लावून?

साहेब – दार लावून.

चिमणी – मग सर ऐकू येणार नाहीत?

साहेब – नाही येणार. वाईट वाटेल का?

चिमणी – थोडं वाटेल. पण बाई ऐकू येतील ना? त्या रोज शिकवताना मधेच हसतात. कशाला हसल्या, ते आम्हाला कळतच नाही.