मच्छरदानीचे चार कोपरे

बाळाला घेऊन एसटीनं माहेरी, कळंबला जायचं म्हटलं की वाटेत कोण शिंकेल, कोण गालगुच्चा घेईल, या धास्तीनं मलाच ताप भरायचा. त्यामुळे सगळी भिस्त सासऱ्यांच्या जुन्या मोटारीवर. आणि निघायच्या दिवशीच तिचे चारही स्पार्क प्लग निकामी, गाडी सुरूच होईना!

मामा, म्हणजे सासरे, मंचर-नारायणगाव पालथं घालून हात हलवत आले. "दुकानदार म्हणतो, पावणं, असले जाडे प्लग आता येत न्हाईत, गाडीच बदला. पण माज्या डब्यात चार कोरे व्हते, ते कुटं गेले?"

"ते व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "वाऱ्यानं बाळाची मच्छरदानी उडायची. चारी कोपऱ्यांना वजन म्हणून बांधलेत."

बाळ नुकतंच झोपलं होतं. मी दारातच आडवी आले. "मामा, प्लग काढलेत तर डास शिरतील. बाळ उठेल."

"सरक गं," म्हणत सासूबाईंनी मामांनी दुकानात नमुन्याला नेलेले जळके प्लग त्यांच्या हातातून घेतले, हळूच एकेका कोपऱ्याला बांधले आणि कोरे सोडवून त्यांना दिले.

इतकी शिकलेली मी, तरी विचारलंच, "जळके चालतील ना, आई?"

"मच्छरदानीला कुटं इस्टार्ट व्हायचंय!"