आतला गडद निळा

माझ्या धाकटीचं लग्न झालं, त्या वर्षीच्या थंडीतली गोष्ट. शिंप्याच्या दुकानात बाकावर बसलो होतो. पुढे एक काडीसारखी आई आणि तिची अंगानं भरलेली लेक उभी होती. लेक पहिल्या नोकरीसाठी परगावी निघाली होती आणि आईचा जुना निळा कोट तिला होत नव्हता.

“नवा घेऊया ना गं, आई.”

“हा मी हातानं शिवलाय. मास्तर, बाजूला उसवून बघा. आत कापड जास्त ठेवलंय.”

“एवढं कशाला ठेवलंत, ताई?”

“वाटलं, लग्नानंतर सुटेन.”

“आणि सुटले मी!”

“माझ्या वाटचंही तूच खाल्लंस ना.”

“कापड पुरेल, ताई. पण आतलं गडद आहे, बाहेरचं विटलंय. दोन्ही बाजूंना पट्टे दिसतील.”

“मग राहू द्या. लोक हसतील पोरीला.”

“थांब, आई. तू नवा घातलास तेव्हा सगळा असा गडद होता?”

“असाच.”

“मास्तर, पट्टे दिसू देत.”

“अगं, हसतील!”

“हसू देत. थंडी मला वाजणार आहे.”

दोन वर्षांनी लेक त्याच कोटाचं अस्तर बदलायला आली होती, असं मास्तरांनी सांगितलं. तिची आई आदल्या थंडीत वारली होती.