सोनीचा कान

कीर्तनाला जाण्याआधी गाईचं औषध न्यावं म्हणून सांगलीत जनावरांच्या दवाखान्यात थांबलो होतो. शेजारी एक जैन जोडपं होतं. बाईंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली मांजर निपचित पडली होती.

"गुणमाला, सकाळी सोनीची साखर तपासलीस?"

"न्हाई."

"अगं, कानाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, साखर बघायची, मगच इन्सुलिन. डॉक्टरांनी किती वेळा सांगितलं!"

"आवं, आज चौदस. हिरवी भाजीसुद्धा चिरत न्हाई आपण. मुक्या जिवाचं रक्त कसं काढू?"

"आणि इन्सुलिनची सुई?"

"ती दिली रोजच्याएवढी. त्यात कुठं रक्त निघतंय?"

"साखर आधीच कमी असंल, तर त्या सुईनं पार तळाला जाती गं."

"मला वाटलं, एक दिवस तरी तिचा कान दुखू नये."

"गुळाचं पाणी पाजलंस?"

"पाजलं. सगळं ओठावरनं खाली आलं. आवं, हिचं पोट हलंना! डॉक्टरांना हाक मारा की!"

"मारतो. तू तिच्या कानात णमोकार मंत्र म्हण."

"कुठल्या कानात?"

"कुठल्याबी म्हण. आता दुखायचा न्हाई."