माझ्या कोबीला अळी लागत नाही

—छे हो साहेब, मी कशाला कुणाच्या घरात डोकावू? तिचं दारच माझ्या दारासमोर, मी उघडलं की दिसतं, त्याला मी काय करणार? बसा, ती सातशिवाय येत नाही. तर चोरी म्हणालात. आमच्या समोरच्या पोरीनं चोरी केली! काय चोरलं — सोनं? नाही, जंतू! वा! एवढी मोठी तुमची संशोधन संस्था, फाटकावर पहारेकरी, आणि गेलं काय, तर डोळ्यांना न दिसणारा मातीतला जंतू. पहारेकऱ्यानं बिचाऱ्यानं झडती तरी कशाची घ्यायची?

बरं, नाही हसत. म्हणजे पोरगी म्हणाली, मातीत नवा जंतू सापडला, अळ्या मारतो. मग तुम्ही त्याचा तो जीनोम का काय तो वाचलात — साठ लाख अक्षरं! आमच्या ह्यांना चार ओळींची सामानाची यादी नीट वाचता येत नाही — आणि तो निघाला एक कंपनी बाजारात विकते त्या जंतूसारखा, अक्षर न् अक्षर. तोच जंतू तुमच्या कपाटातही बाटलीत आहे. झालं! म्हणजे हिनं बाटलीतला उचलला आणि मातीतला म्हणून खपवला. नोकरी जाणार तिची. एवढं शिकून एवढंच सुचावं ना माणसांना!

अहो, ती माती माझी आहे. त्या कोबीच्या कुंडीतली. ‘मावशी, सगळ्यांच्या पानांची चाळण, तुमच्याच कोबीला अळी कशी लागत नाही?’ असं विचारत आली होती. मीच चमच्यानं काढून दिली. या इमारतीत बागेचं पहिलं बक्षीस तीन वर्षं मलाच मिळतंय, वरच्या वकिलीणबाईंच्या पोटात दुखतं. औषध? थेंब नाही! हाताला गुण असावा लागतो. लिहा, लिहा — औषध नाही.

मग जंतू आला कुठून म्हणजे? आला असेल उडत! त्याला काय जिना चढायचाय? आणि असला तरी बिघडलं काय, माणसाला थोडाच बाधतो? अळीनं पान खाल्लं की त्याचं ते विष तिच्या पोटात विरघळतं, आतड्याला भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि दोन-तीन दिवसांत खलास. आपल्या पोटात काही होत नाही. मला कसं ठाऊक? पाकिटावर लिहिलंय की, माग—

चहा घ्या ना. निवला बघा.

असं बघू नका हो. आहे पाकीट. त्याच कंपनीची पावडर असते, पाण्यात कालवायची. दर पंधरा दिवसांनी फवारते, दुपारी सगळे आडवे झाले की. आणि ते काही औषध नव्हे, जंतूच की तो! ‘जंतू फवारता का’ असं मला कुणी विचारलं होतं?... नाही, तिनं विचारलं होतं. ‘मावशी, काही मारता का यावर?’ चार वेळा. वही हातात घेऊन. पहिल्या वेळी नेमक्या वकिलीणबाई जिन्यात उभ्या, मी म्हटलं नाही. एकदा नाही म्हटलं की पुढचं सोपं जातं. मला काय ठाऊक, पोरगी त्या चमचाभर मातीपायी वर्ष घालवील? जंतू सापडला त्या दिवशी माझ्या गळ्यात पडली होती. तेव्हाच सांगणार होते, पण जीभच उचलेना. माझी जीभ उचलेना म्हणजे — विचारा कुणालाही.

खोडा ते. ‘औषध नाही’ खोडा म्हणते ना! लिहा — पावडर शेजारणीनं फवारली, पोरीनं चारदा विचारलं आणि शेजारीण चारदा खोटं बोलली. ‘शेजारीण’ ठळक काढा. द्या इकडे पेन, सही करते. न्या जाऊन दाखवा तुमच्या मोठ्या साहेबांना. आणि वकिलीणबाई जिन्यात भेटल्या तर त्यांनाही वाचून दाखवा, माझी काही हरकत नाही. म्हणजे... असू दे. दाखवा.

थांबा, पावलं वाजतायत. तीच. उठा, उठा तुम्ही. तिच्याशी एक अक्षर बोलायचं नाही, तिला मी सांगणार. — ये गं बाळ, आत ये. हे साहेब? हे निघालेत. निघा म्हटलं ना!