वाट चुकली तरी बोलायचं नाही

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे मुख्याध्यापक, व्यासपीठावर बसलेले बाईंचे चिरंजीव आणि सूनबाई, खाली बसलेली रानशाळेची सगळी मंडळी, दाराशी उभे राहिलेले आणि खुर्ची देऊनही न बसणारे गावकरी, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या, हात गळ्यात बांधलेल्या, आपल्या लाडक्या बाई. सगळ्यांना माझा नमस्कार.

माइक जरा लांबच ठेवते. पिठाच्या गिरणीत आयुष्य गेलं, त्यामुळे मी हळू बोलले तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. पोस्टमनभाऊ, हसू नका, तुमचं भाषण झाल्यावर अर्धी सभा जांभया देत होती.

रानशाळेच्या मंडळानं मला एक काम सोपवलंय. बाईंच्या चिरंजीवांना जाहीर विनंती करायची की, बाईंना शहरात नेऊ नका. इथेच राहू द्या. आम्ही पाळ्या लावू, कुणी जेवण बघेल, कुणी औषध, कुणी रोज फिरायला नेईल. विनंती मीच का करायची? तर म्हणे, तू बोललीस की कुणी नाही म्हणत नाही. बघू या.

आधी रानशाळेबद्दल थोडं सांगते, कारण सूनबाईंना ते ठाऊक नसणार. बाई शाळेतल्या नोकरीतून मोकळ्या झाल्या आणि दवंडी पिटल्यासारखं सांगत सुटल्या, की दर रविवारी सकाळी मोठ्या माणसांची शाळा डोंगरावर भरणार. आम्ही पोट धरून हसलो. डोंगर काय शिकायचा? जन्म गेला की त्याच्या पायथ्याशी! पण खरं सांगू का, आम्हा बायकांनी डोंगर पाहिला तो डोक्यावरच्या मोळीखालून. मान वर करायची सोयच नव्हती. रिकाम्या हातानं चालत निघालेली बाई दिसली की लोक विचारायचे, काय गं, भांडून निघालीस का? म्हणून पहिल्या रविवारी आम्ही सगळ्या जणी काही ना काही घेऊन आलो. कुणी विळा, कुणी दोरी. मी रिकामा डबा घेऊन गेले होते. बाईंनी ते सगळं शाळेच्या ओट्यावर ठेवायला लावलं आणि म्हणाल्या, "आज काही आणायचं नाही. नुसतं जायचं." पन्नाशीला आले होते मी. नुसतं कसं जायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

बाईंचा नियम एकच होता. दर रविवारी एक जण पुढे. वाट त्यानं काढायची. बाकीच्यांनी मागून चालायचं आणि पुढचा चुकला तरी तोंडातून ब्र काढायचा नाही. "चुकू दे त्याला," बाई म्हणायच्या, "तुम्ही सांगितलंत तर वाट तुमची होईल, त्याची होणार नाही." स्वतः त्या सगळ्यांच्या मागे, पदरात तोंड लपवून हसत.

आपले बसचे ड्रायव्हर पहिल्यांदा पुढे होते तेव्हाचं आठवतंय ना? गाडीला रिव्हर्स असतो, डोंगराला नसतो! काटेरी झुडपांत असं घातलं आम्हाला, की माझ्या जावेची नवी ओढणी अजून तिथेच आहे. आणि आम्ही पंधरावीस माणसं मागे, सगळ्यांना ठाऊक की चुकलंय, आणि सगळे तोंडाला कुलूप लावून. शेवटी ते स्वतःच थांबले, कपाळावर हात मारला आणि उलटे फिरले. आज डोळे बांधून सोडा, ड्रायव्हर धबधब्यापाशी नेऊन उभे करतील. असं शिकलो आम्ही. झाडं शिकलो, पाखरांचे आवाज शिकलो, आणि गप्प राहायला शिकलो. फार चांगलं शिकलो.

गेल्या थंडीत बाईंची पाळी आली. ओढ्याकडे जायचं होतं. बाई दुफाट्यावर डावीकडे वळल्या, जुन्या दगडखाणीकडे. आम्ही एकमेकांना कोपरं मारली. बाई आपली परीक्षा घेताहेत! खाणीच्या काठावर जाऊन त्या थांबल्या. बराच वेळ उभ्या. मग वळून म्हणाल्या, "आज पुढे कोण होतं?"

आणि आम्ही काय केलं? टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या. काय बेमालूम नाटक करतात बाई, म्हणून. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्याही टाळ्या वाजवू लागल्या.

पुढे चिंचेला बाभूळ म्हणू लागल्या. पोस्टमनभाऊ म्हणाले, आपण जागे आहोत की झोपलोय ते बघताहेत. पटलं आम्हाला! माझ्या गिरणीत दळण टाकून तीनदा परत न्यायला विसरल्या, तेव्हा मी म्हटलं, वय झालं, चालायचंच. त्यांना सारखी पुढे राहण्याची पाळी देऊ लागलो आम्ही, कारण त्या चुकायला लागल्यापासून मजा वाढली होती. चुकत होत्या त्या, आणि आम्ही मागून कौतुक करत चाललो होतो. सांगा, जगात आणखी कुठल्या गावानं असा वेडेपणा केला असता?

उन्हाळ्यातल्या त्या दुपारी बाई एकट्याच निघाल्या. पायात चप्पल नाही. बाजारात चार जणांनी पाहिलं, चौघंही रानशाळेची. मी नव्हते, गिरणी चालू होती. पण असते तरी काय वेगळं केलं असतं? चौघांनी नमस्कार केला. बाईंनी विचारलं, "शाळेकडे हीच वाट ना?" शाळा मागे होती. चौघं हसले आणि म्हणाले, "तुम्हीच शोधा बाई!"

संध्याकाळी खाणीत सापडल्या. हात मोडलेला, ओठ फुटलेले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तर मला म्हणाल्या, "अहो, मी विचारत होते. कुणी सांगतच नव्हतं."

एवढं ऐकलं आणि मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

त्या दिवसापासून रविवार बंद आहेत. ड्रायव्हर पारावर पत्ते खेळतात. माझी जाऊ पुन्हा मोळीशिवाय घराबाहेर पडत नाही. कुणी म्हणतं, बाईंच्या नावानं पुन्हा सुरू करू. कोण करणार? कुणाच्या पायात बळ आहे तिकडे जायचं? मला तर खिडकीतून तो डोंगर दिसला तरी खिडकी लावून घ्यावीशी वाटते.

बाळा, दवाखान्यात तू आम्हाला एकच वाक्य बोललास. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "वर्षभर तुमच्याबरोबरच होती ना ती?" डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. तू लांब होतास, तुला फोनवर त्या "छान आहे" म्हणायच्या. आम्ही दर रविवारी त्यांच्या पाठीमागे होतो.

आता ती विनंती. मंडळी, मला माफ करा, घरून निघताना करायचीच असं ठरवून निघाले होते. पण हे सगळं तोंडानं बोलल्यावर कुठल्या तोंडानं म्हणू, की ठेव तुझी आई आमच्यापाशी? आमच्या मायेत काही खोट नव्हती रे. मायेचाच तर घोटाळा झाला. त्या चुकतील हे आमच्या मनातच येत नव्हतं. म्हणून मंडळाची विनंती मी मंडळाला न विचारता मागे घेते. ने तू त्यांना. जीव तुटतो आमचा, पण ने.

एक सांगते. सकाळी मी त्यांचे केस विंचरत होते. बाईंनी विचारलं, "रविवारी कुणाची पाळी?" खोलीत आम्ही चौघी होतो. चौघी एका सुरात म्हणालो, "तुमचीच बाई." किती खूश झाल्या! इतकं होऊनही आमची खोड गेली नाही बघा.

बाई, इकडे बघा. माझ्याकडे. मी गिरणीवाली. बाई, रविवारी कुणाचीच पाळी नाही. रानशाळा बंद झाली. उद्या सकाळी तुम्ही मुलाबरोबर शहरात जाताय, आणि तिथेच राहायचंय तुम्हाला. आजारी आहात तुम्ही. रडू नका, बाई. नाही... रडा. रडलात तरी चालेल. बाळा, पाणी दे त्यांना. आणि तिथे जिन्यात थांबून वर की खाली असं विचारलं, तर लगेच सांगत जा.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, सूनबाई, तुम्ही एवढ्या लांबून आलात, सर्वांचे आभार. आनंदाच्या दोन गोष्टी सांगायच्या होत्या, त्या जमल्या नाहीत. बोलताना माझं कुठे चुकलं असेल तर पोटात घालू नका. इथेच, आत्ता, तोंडावर सांगा. मी खाली येऊन बसते.